शंभरात दीड शहाणे

अमेरिकेत मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोक फ्लूची लस घेतात. तरीही तिथले आरोग्य खाते चिंतेत असते. का, तर गोऱ्यांचा आकडा वर आणि कृष्णवर्णीयांचा खाली. आपल्याला असली चिंता नाही. नवी मुंबईहून खाडीपलीकडे, देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये 'लासी' नावाची देशभर पाहणी केली. पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांत फ्लूची लस घेतलेले शंभरात जेमतेम दीड निघाले. पाहणी सरसकट सगळ्यांची होती, पण दहा कोटींवर मधुमेही असलेल्या देशात पंचेचाळिशीपुढचे सरसकट म्हटले की मधुमेही आलेच. आता सांगा, दरी पडायला आधी आकडा तरी नको का?

या दीडातला एक नवी मुंबईत कुठे सापडेल, याचा अंदाज बांधता येतो. पाम बीच रोडला, बाराव्या-पंधराव्या मजल्यावर. मुलगी न्यू जर्सीला असते, तिने व्हिडिओ कॉलवर दम दिला म्हणून त्याने टोचून घेतली. उरलेला अर्धा म्हणजे दवाखान्यापर्यंत गेला, दीड-दोन हजार रुपये ऐकले आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परतला तो.

बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव सकाळी वाशीच्या मिनी सीशोरला भेटतात. दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे, काही हजारांचा, पंधरा दिवसांत काढून फेकायचा. मनगटावर घड्याळ, हातात कारल्याच्या रसाचा ग्लास. बोटाला रोज सुई, पोटात दिवसातून दोनदा सुई. त्यांना विचारा, "काका, फ्लूची लस घेतलीत का?" काका हसतात. "अरे, आपण लहानपणी पावसात भिजलेली माणसं. आपली इम्युनिटी वेगळी." ज्यांच्या रक्तातली वाढलेली साखर त्याच इम्युनिटीला पोखरत असते, ते हे सांगत असतात. फ्लू झाला की साखर आणखी चढते, न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे काकांना माहीत नाही असे नाही. व्हॉट्सअॅपवर आले होते. त्याच्या खालोखाल हळद-सुंठीचा काढाही आला होता. काढा फुकट होता.

काकूंचे कारण वेगळे. त्यांनी म्हणे एकदा लस घेतली आणि त्यानेच फ्लू झाला. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. फार तर दिवसभर कणकण येते, दंड दुखतो. पण मेलेल्या विषाणूची बाजू घेऊन काकूंशी वाद कोण घालणार? डॉक्टरही घालत नाहीत. एका पेशंटला मिळतात पाच मिनिटे. त्यातली चार एचबीएवनसीच्या रिपोर्टवर, एक आंबा चालेल का यावर.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणू नये. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूने राज्यात शेकडो माणसे गेली, तेव्हा महाराष्ट्राने गरोदर महिलांबरोबर मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनाही ही लस मोफत द्यायचे ठरवले. निर्णय चांगला होता, इतर राज्यांच्या पुढचा होता. पण एरवी चौकातल्या शौचालयाच्या उद्घाटनालाही सोळा फुटी बॅनर लावणाऱ्या आपल्या राज्यात या एका बाबतीत प्रसिद्धीपासून कमालीचे दूर राहण्यात आले. लसीच्या बॅनरवर कोणाचा फोटो टाकायचा, यावर एकमत झाले नसावे.

लोक लस घेत नाहीत, हेही खोटे. १५ ऑगस्ट २०२१ पासून करोना लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा याच शहरातले काका प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत गळ्यात घालून स्टेशनवर उभे होते. म्हणजे इम्युनिटी लहानपणच्या पावसाची असली तरी हार्बर लाइनपुढे तिचे काही चालत नाही. तेव्हा फ्लूच्या लसीलाही काहीतरी जोडावे. सोसायटीत पार्किंगचा स्टिकर हवा, तर दंड दाखवा. सिडकोच्या लॉटरीचा अर्ज भरायचा, तर लसीचा पुरावा जोडा. सीवूड्सपासून ऐरोलीपर्यंत आठवड्यात सगळे टोचलेले असतील, आणि पहिला नंबर लावून देणारे एजंटही तयार होतील.

ही युक्ती तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात चालणार नाही. तिथे रात्रीच गाड्या लागतात. टोळीतला पन्नाशीचा माथाडी पन्नास किलोची गोण पाठीवर घेतो, गाळ्यात टाकतो, परत फिरतो. त्याला साखर आहे हे कळले तेच पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा. गोळी चालू आहे, म्हणजे असते तेव्हा चालू असते. लस मोफत आहे म्हटल्यावर त्याने अगदी रास्त प्रश्न विचारला, "किती वाजता?" मोफत लसीसाठी सकाळी केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचे, साठा संपलाय ऐकायचे, परवा पुन्हा यायचे. तेवढ्यात दोन दिवसांची वाराई बुडते. वर कणकण आली तर तिसराही खाडा. आणि हे दरवर्षी, कारण विषाणू बदलतो, लस बदलते. पाम बीचवाल्याला दोन हजारांत पडणारी लस त्याला फुकटात त्याहून महाग पडते. तरी काका म्हणतात, "या लोकांमध्ये अवेअरनेसच नाही."

उपाय अवघड नाही. लसीला दोन ते आठ अंश तापमान लागते, त्याला बर्फाच्या पट्ट्या घातलेली एक पेटी पुरते. ती पेटी आणि एक सिस्टर पावसाळ्याआधी बाजारात न्यायची, टोळी चहाला थांबते तेव्हा. बाही वर करायचाही प्रश्न नाही, निम्मे उघडेच असतात. फक्त टोळी चहाला थांबते पहाटे चारला, आणि लसीचा फ्रिज ज्या खोलीत आहे तिची किल्ली नऊला येते.