करमंना

दोन आठवड्यांपूर्वी रात्री साडेदहाला फोन आला. सेनगाव तालुक्यातली ओळखीची बाई. "भाऊ, डोक्याचा एखादा चांगला डॉक्टर सांगा. लेकराला करमंना झालंय. जेवंना, झोपंना, कोणाशी बोलंना." मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचं आलं. "पण हिंगोलीतला नको."

हे मी कितव्यांदा ऐकतोय, मोजलं नाही. वसमतच्या माणसाला नांदेडचा डॉक्टर हवा असतो, हिंगोलीच्या माणसाला अकोल्याचा, कळमनुरीवाला तर थेट संभाजीनगरचं नाव घेतो. दाढ ठणकली की आपण गल्लीतला दवाखाना गाठतो आणि मन ठणकलं की शंभर किलोमीटरवरचा. डॉक्टर काय शिकलाय, त्याला हे दुखणं कळतं का, हे सगळं नंतर. आधी बघायचं ते एकच, पायरी चढताना आपल्याला कोण बघेल. याला मी निवड म्हणत नाही. ही लपायच्या जागेची शोधाशोध आहे.

आणि लपत आलेल्या माणसाला लुटणं सगळ्यात सोपं. तो पावती मागत नाही, तक्रार करत नाही, फसलो म्हणून चारचौघांत सांगत नाही.

माझ्या घरातलंच सांगतो. मावसभावाचा मुलगा नीटची दुसऱ्यांदा तयारी करत होता. त्याचं पुस्तक आठ-आठ दिवस एकाच पानावर उघडं राहायला लागलं. आंघोळ बंद झाली. आम्ही त्याला शेजारच्या शहरातल्या एका 'मार्गदर्शन केंद्रा'त नेलं, ओळखीचं कोणी भेटणार नाही म्हणून. तिथं मशीनवर त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि जाडजूड रंगीत रिपोर्ट हातात दिला. डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके टक्के, कल कशाकडे, स्वभाव कसा. वर दहा बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. भिंतभर लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं होती. मी एकेक वाचत गेलो. नोंदणी क्रमांक एकावरही नव्हता. बोटाच्या ठशावरून मेंदू आणि मन सांगता येतं याला विज्ञानात काडीचा आधार नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून मोठ्याने सांगतोय.

दोन महिने असे गेले. मग एका सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे रांगेत उभे राहिलो. केसपेपर काढला, नंबर आला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि मुलाला एकच विचारलं, "पहाटे किती वाजता जाग येते?" मुलाने पुढे आम्हाला सांगितलं, तो तिथेच रडला. साडेतीनला जाग येत होती, दोन महिने, रोज. रंगीत रिपोर्टमध्ये झोपेचा एक शब्द नव्हता.

म्हणून पाटी वाचताना घाई करू नका. एकाच जिन्यावर तीन पाट्या असतात आणि तिन्हींचं काम वेगळं असतं. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएस झालेला आणि पुढे मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळी लिहून देणं त्याचं काम. त्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो, गोळी देत नाही. तपासण्या करतो आणि बोलण्याची शिस्तशीर उपचारपद्धत चालवतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याने. नोंद नसताना हे काम करणाऱ्याला त्याच कायद्यात शिक्षा आहे. तिसरा समुपदेशक. यांच्यात फार चांगली, जीव ओतणारी माणसं आहेत, मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं काम केलेली. पण चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही तीच पाटी लावता येते आणि आज कोणी अडवत नाही. २०२१ च्या केंद्राच्या कायद्याने या मंडळींनाही नोंदवहीत आणायचं ठरवलंय. तोवर विचारायची जबाबदारी आपल्यावर.

सरळ विचारा. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, नंबर काय? हळदीचं पोतं घेताना आपण मूठभर कांडी हातात घेतो, मोडून आतला रंग बघतो. माणसाचं डोकं ज्याच्या हातात द्यायचं त्याला एक नंबर विचारायला कसला संकोच? खरा माणूस रागावत नाही. जो रागावला त्याची पायरी उतरा.

पण नोंदणी म्हणजे सगळं नव्हे. मला विचाराल तर त्याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट भाषा. 'करमंना' हा शब्द कुठल्या पाठ्यपुस्तकात नसेल, पण आपल्याकडचा अर्धा आजार त्या एका शब्दात मावतो. आपली माणसं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. बाई म्हणते, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड झालंय. मग ईसीजी निघतो, तो चांगला येतो. सलाईन लागतं, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. काही जणींची अशी पाच-पाच वर्षं जातात. बंजारा तांड्यावरची आजी गोरमाटीतच बोलणार. औंढा-कळमनुरीकडच्या आंध आदिवासी कुटुंबातली सून नवऱ्यासमोर तोंडच उघडणार नाही. डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट त्या बाईशी एकटीशी बोलतो का, हे बघा. तिच्याऐवजी सासूला किंवा नवऱ्याला विचारून कागद लिहीत असेल, तर भिंतीवर कितीही पदव्या असोत, तो तुमच्या कामाचा नाही. पहिल्या भेटीत 'हमखास बरा करतो' म्हणणारा तर नाहीच नाही. आणि गोळीच्या नावानेच बोटं मोडणारा समुपदेशक, बोलण्याच्या उपचाराला हसणारा डॉक्टर, दोघांपासूनही लांब राहा. पुष्कळदा दोन्ही लागतं.

देवाचं म्हणाल तर औंढ्याला जा, नर्सीला जा, दर्ग्यावर चादर चढवा. माझी हरकत नाही, मन शांत होत असेल तर चांगलंच आहे. पण चालू गोळी बंद करा म्हणणाऱ्या बाबाचं ऐकू नका. भूत काढतो म्हणत माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथं भीड ठेवायची नाही, पोलिसांत जायचं.

आता त्या 'हिंगोलीतला नको' वर येतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या अठराव्या कलमात म्हटलंय, उपचारासाठी माणसाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ मिळाली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार फुकट आहेत, हेही त्याच कलमात. म्हणजे जवळ उपचार हा आपला हक्क आहे आणि आपण स्वतःहून तो लांब ढकलतोय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी सगळी माणसं धरलेली आहेत. ओपीडीत गर्दीच दिसली नाही तर रिकामी जागा भरा म्हणून कोण भांडणार? १ मे १९९९ ला आपण हिंगोलीकर परभणीतून वेगळे झालो, ते जिल्ह्याची कामं जिल्ह्यात व्हावीत म्हणून. २०२४ ला इथं सरकारी मेडिकल कॉलेज आलं. एमबीबीएसच्या कॉलेजला मनोविकार विभाग लागतोच. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. तेव्हा जे दाराशी आलंय ते धरून बसायला हवं. कुठल्या वारी कोण बसतं, जाऊन विचारा. पद रिकामं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बातमी फुटेल ही भीती मला समजते. गाव लहान, तोंडं मोठी. पण त्याच २०१७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाने तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांना बंधनकारक आहे. कंपाउंडर चहाच्या टपरीवर नावं सांगत असेल तर ती तुमची लाज नाही, त्याचा कायदेभंग आहे.

निवड करत बसायची नाही अशी एकच वेळ असते. माणूस मरणाचं बोलायला लागला, सामानाची वाटणी करायला लागला, तर त्याच रात्री जवळचा दवाखाना गाठा. 'जीव द्यावा वाटतो का?' असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. फवारणीच्या बाटल्या कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे द्या. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात नेणं टाळू नका. प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं त्याच कायद्याचं ११५ वं कलम सांगतं. रात्री कोणीच सापडलं नाही तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही. हा नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.

त्या बाईला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. लेकरू मरणाचं काही बोललं का, एवढं आधी विचारून घेतलं. नाही म्हणाली. मग हिंगोलीचाच पत्ता दिला. ती गप्प झाली. "कोणी बघितलं तर?" मी म्हटलं, "माय, बघू द्या. टायफॉइड झाला असता तर लपवलं असतं का?" पुन्हा गप्प. मग म्हणाली, "सकाळी पहिल्या गाडीनं येते."

आली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर बंद करायची नाही. बहुतेक घरं इथंच चुकतात. आठ दिवस वाट बघतात आणि पाकीट फेकतात. तिने कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायला सुरुवात केली. आज बाराव्या दिवसाची रेघ पडली. काल रात्री तिचा फोन आला, साडेदहालाच. "अजून बोलंना, भाऊ. पण पहाटं झोपला व्हता. मी दोनदा उठून बघितलं."