पाण्याची टाकी आणि इतर प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्रात जन्मास येऊन ज्याने प्राथमिक शाळेचा उंबरठा ओलांडला, त्याने आयुष्यात निदान एकदा तरी 'माझी शाळा' या विषयावर दहा ओळी लिहून त्या वास्तूवर आपले निरतिशय प्रेम असल्याचा लेखी कबुलीजबाब दिलेला असतो. आणि नवल असे की, चांद्यापासून बांद्यापर्यंतचे हे सर्व कबुलीजबाब एकाच मसुद्यावरून उतरवून घेतल्यासारखे असतात. पहिल्या ओळीत शाळेचे नाव, दुसरीत गाव, तिसरीत वर्गखोल्यांची गणती, चौथीत पटांगण, पाचवीत पटांगणातील बाग. बाग नसल्यास कुंड्या, आणि कुंड्याही नसल्यास 'आम्ही झाडे लावणार आहोत' हा संकल्प. पुढे गुरुजींचा अथवा बाईंचा प्रेमळ स्वभाव, आणि अखेरीस 'म्हणून माझी शाळा मला खूप आवडते' हा निष्कर्ष. चार खोल्या आणि दोन कुंड्या एवढ्या पुराव्यावरून प्रेम कसे सिद्ध होते, हे विचारण्याचा उद्धटपणा आजवर एकाही परीक्षकाने केल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा कबुलीजबाब तोंडी घेण्याची एक रीत मध्यंतरी पडली होती. केंद्रातील शाळांच्या मुलांनी पाहुण्यांसमोर उभे राहून आपल्या शाळेचा व गावाचा परिचय करून द्यावा, आणि पाहुण्यांनी तो पूर्वी कधीच न ऐकल्याचा चेहरा करून ऐकावा, असे तिचे स्वरूप. अशाच एका प्रसंगी परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. निवृत्तिवेतन, चष्मा आणि रिकामी दुपार या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत तो आमच्याकडे कोणत्याही विषयाचा परीक्षक होऊ शकतो, आणि माझ्यापाशी तर छत्रीही होती. समोर सतरंजीवर मुले, पाठीमागे खिडक्यांच्या गजांना धरून उभ्या असलेल्या त्यांच्या आया, आणि पुढल्या खुर्च्यांवर सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख व सकाळच्या कार्यक्रमास दुपारी येऊन पोहोचलेले प्रमुख पाहुणे, अशी ती सभा भरली होती.

या किनाऱ्यावरील शिक्षकाला परिचयाचा मसुदा बांधताना सामग्रीची वाण कधीच पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी, समोर समुद्रात कुलाबा किल्ला, आक्षीस शिलालेख, चौलास लेणी व देवळे, रेवदंड्यास पोर्तुगीजांच्या तटबंदीचे अवशेष, मुरुडास सिद्दीचा जंजिरा, श्रीवर्धन तर पेशव्यांचे मूळ गाव. अशा मुलखात ज्या गावाला इतिहास नाही त्या गावच्या गुरुजींनाच ओशाळल्यासारखे होते, आणि मग ते शेजारच्या गावाचा इतिहास उसनवार आणून 'आमच्या गावापासून अवघ्या सहा किलोमीटरवर' या शब्दांनी आपल्या खाती जमा करून घेतात. भरीस भर म्हणजे 1 जानेवारी 1981 रोजी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तेव्हापासून वर्गाच्या खिडकीतून रोज कुलाबा किल्ला पाहणारे, पण महाडाजवळचा तो रायगडाचा डोंगर एकदाही न चढलेले पोरदेखील 'मी रायगड जिल्ह्यात राहतो' असे सांगताना छाती अशी काढते की, जणू काय रात्री महादरवाजा लावून घेण्याचे काम त्याच्याकडेच आहे.

हा सर्व मजकूर मुलांनी पाठ केलेला असतो, आणि जोवर तो आठवतो तोवर परीक्षकाला डुलकी घेण्यास प्रत्यवाय नसतो. खरी मौज सुरू होते ती मूल विसरते तेव्हा. सनावळीच्या ऐन मध्यावर एखादे वाक्य जिभेवरून निसटते, मूल छताकडे पाहते, खिडकीतून बाई ओठ हलवून दाखवितात, ते ओठ मुलाला वाचता येत नाहीत. आणि मग, गप्प उभे राहण्यापेक्षा काहीतरी बोललेले बरे या सुज्ञ विचाराने, ते आपल्याला ठाऊक असलेले सांगू लागते. गावाचा परिचय त्या क्षणी सुरू होतो.

पहिला मुलगा चौथीतला. सरखेल कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तले येथवर त्याची गाडी सुरळीत आली आणि तेथेच थांबली. थोडा वेळ शांतता पसरली, आणि मग तो एकाएकी म्हणाला, "किल्ल्यावर चालत जाता येतं. पण आता नाय जाता येनार. आज चतुर्थी. तीनाला भरती." प्रमुख पाहुण्यांनी कौतुकाने विचारले की, बाळ, हे तुला कसे कळले? तेव्हा इतक्या थोर मनुष्याला एवढेही ठाऊक नसावे याचा खेद आवरून त्याने सांगितले, "चार पाऊण तीन." तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब या किनाऱ्यावर आजोबाकडून नातवाकडे येतो. पावकी, निमकी, पाऊणकी ही उजळणी शाळेतून केव्हाच हद्दपार झाली. परंतु अभ्यासक्रमातील या बदलाची इत्तला समुद्राला कोणी दिलेली दिसत नाही, आणि म्हणून तो अद्याप पाऊणकीनेच चालतो. पाहुण्यांनी हिशेब मनाशी करून पाहिला आणि, "मग अष्टमीला यावे, सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी," असे आपले अनुमान मांडले. मुलाने मान हलविली. "अष्टमीला भांगाचं पानी. पुरतं हटत नाय. तुमी आजच सकाली नवाला यायला पायजे होतं." मुलाचा रोख केवळ समुद्राकडे होता याविषयी माझी खात्री आहे, परंतु प्रमुख पाहुण्यांनी त्यानंतर बराच वेळ मनगटावरील घड्याळाकडे पाहिले नाही.

दुसरी मुलगी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवर बोलली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार, त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मोजमापे बिघडणार, म्हणून 1904 साली हे काम अलिबागेस आणण्यात आले आणि त्यासाठी लोखंडाचा वापर टाळून इमारत उभारण्यात आली, ही हकिकत तिने न अडखळता सांगितली. वास्तविक, मुंबईत विजेच्या ट्राम आल्या आणि गेल्याही. अलिबागेतील मोजणी मात्र शतक उलटून गेले तरी सुरू आहे, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या गावाने पोवाडा रचावयास हरकत नव्हती. परंतु मुलीच्या मनाला लागून राहिलेला प्रश्न निराळा होता. "आमची सहल गेली तेव्हा लोखंड नको म्हणून बाईंनी सगळ्यांच्या कंपासपेट्या बाहेर ठेवायला लावल्या," ती म्हणाली, "आणि परत आलो तेव्हा माझ्या पेटीत कर्कटक नव्हता. तो कोणी घेतला ते मला माहीत आहे." एवढे बोलून तिने सतरंजीवरील तिसऱ्या रांगेकडे जी दृष्टी टाकली, तिने त्या रांगेतील एका मुलाचे चुंबकत्व वेधशाळेबाहेरच मोजून झाले.

तिसऱ्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर काहीही असो, मी त्याला मनात 'कँबेलसाहेब' म्हणू लागलो आहे. जेम्स कँबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे जे गॅझेटियर निघाले, त्याचा कुलाबा व जंजिरा यांस वाहिलेला अकरावा खंड 1883 सालचा आहे. आणि त्यात नांगर किती, गाड्या किती, बैल किती, म्हशी किती, अशी मोजदाद साहेबाने ज्या निष्ठेने केली आहे ती पाहून, दप्तरी लोकांची रात्रीची झोप कशी उडाली असेल याची कल्पना येते. आमच्या या तिसरीतल्या मुलाने तीच परंपरा, कोणताही भत्ता न घेता, पुढे चालविली आहे. "आमच्या वाडीत 41 घरं आहेत. 17 बंद आहेत. बंद घरं गणपतीला उघडतात. मुंबईची माणसं येतात, ती पंखा बंद करीत नाहीत. विहिरी दोन. एकीत कासव आहे. कुत्रे पाच. चार चावत नाहीत." येथे तो थांबला. पाचव्या कुत्र्याचा तपशील ऐकण्यास सभा उत्सुक झाली असताना सरपंचांनीच, "बरं, बरं, छान," म्हणून टाळ्यांस प्रारंभ केला, यावरून त्या श्वानाची मालकी सुज्ञांच्या ध्यानात आली. साहेबाच्या खंडाला शेकडो पृष्ठे लागली. परंतु कोणता कुत्रा चावतो, ही नवागताला सर्वांत उपयुक्त अशी माहिती त्यांत शोधूनही सापडावयाची नाही.

मात्र त्या दिवसाची खरी मानकरी होती खारेपाटातली एक सडपातळ, दोन वेण्यांची मुलगी. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत शेती न कसता संप चालविला, खोतांपुढे मान तुकविली नाही, हा मसुद्यातील भाग तिने अशा खणखणीत आवाजात म्हटला की, खिडकीबाहेरच्या आयांनी पदर सावरले. मग बांधाची पाळी आली. उधाणाला बांध फुटतो, खारे पाणी शेतात येते, भाताचे नुकसान होते, हे सांगून तिने पुस्ती जोडली की, "पाण्याबरोबर जिताडे पण येतात. तेव्हा बाबा डोक्याला हात लावून बसतात आणि आजोबा जाळं शोधतात." खारेपाटाचा सगळा अर्थव्यवहार एवढ्या एका वाक्यात मावला. त्यानंतर तिने दोन्ही हात पाठीशी बांधले आणि गावातील सोयींचा परिचय सुरू केला. "आमच्या गावात पाण्याची टाकी आहे. टाकी खूप उंच आहे. टाकीवर पाटी आहे. पाटीवर नावं आहेत. टाकीत पाणी नाही." सभेत नि:शब्दता पसरली. केंद्रप्रमुखांनी घसा खाकरला. आपल्याकडून काही अपुरे राहिले असावे अशी समजूत करून घेऊन, आणि कोणावर अन्याय होऊ नये या सद्‌बुद्धीने, तिने खुलासा केला, "पावसात असतं. कारण टाकीला झाकण नाही."

मला वाटते, गावाची ओळख करून देण्याचे हे जे मुलांचे शास्त्र आहे, त्यापुढे आपणा मोठ्यांचे सर्व यत्न फिके आहेत. परका मनुष्य येथे येतो तो आश्चर्याने येतो. रशियातील त्वेर नगरीचा अफनासी निकितिन 1469च्या सुमारास चौलास उतरला, त्याने लोकांच्या उघड्या अंगांची नोंद केली आणि जातो तेथे लोक आपल्या मागून येतात व गोऱ्या माणसाचे नवल करतात, हेही लिहून ठेवले; रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. त्या मागून येणाऱ्यांत पोरे किती होती हे त्याने सांगितले नसले, तरी तो घोळका बहुतांशी पोरांचाच असणार हे आम्ही येथे बसून सांगू शकतो. आणि त्यांनी घरी जाऊन निकितिनाचा जो परिचय करून दिला असेल, तो हाती लागता तर त्याच्या प्रवासवर्णनाची रुजुवात घेता आली असती. पलीकडे कोर्लईस अद्याप घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी कुटुंबे आहेत. विद्वान तिच्या अभ्यासासाठी दूरदेशाहून येतात. तेथल्या मुलाला मात्र आपण मोठे आश्चर्य आहोत याची वार्ताही नसते. आई ज्या भाषेत रागावते ती घरची आणि बाई ज्या भाषेत रागावतात ती शाळेची, एवढे त्याचे भाषाशास्त्र त्याला पुरेसे होते.

याउलट, गावातले मोठे लोक गावाविषयी बोलतात ते अब्रूच्या धास्तीने. 'अलिबाग से आया है क्या' या मुंबईकरांच्या कुचेष्टेवर बंदी घालावी म्हणून आमच्याकडून थेट उच्च न्यायालयात याचिका गेली होती. 2019 साली न्यायालयाने, असे विनोद सर्वांवरच होत असतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, अशा आशयाचे सांगून ती निकालात काढली. मी हाच प्रश्न सभेच्या शेवटी मुलांना गमतीने विचारला. पाऊणकीवाल्या मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मंग? अलिबागशीच तर आयलाव. तीनाच्या आधी आयलाव." या उत्तरावर अपील होण्यासारखे काही मला तरी दिसले नाही.

राहता राहिला गुणदानाचा प्रश्न. आमच्या हाती जो छापील तक्ता होता, त्यात उच्चार, पाठांतर, हावभाव, आत्मविश्वास आणि गणवेश असे रकाने होते; सांगितले ते खरे होते काय, याचा रकाना नव्हता. मी तो हाताने आखू लागलो असता सहपरीक्षकांनी, 'नियमबाह्य ठरेल' असे सौम्य शब्दांत बजावले. परिणामी पहिला क्रमांक अशा एका गुणी मुलास मिळाला, ज्याने आपल्या शाळेची बाग, तिच्यातील गुलाब आणि कारंजे यांचे अस्खलित वर्णन केले. त्या शाळेत कारंजे नाही हे सर्वांना ठाऊक होते, पण त्याचे उच्चार निर्दोष होते. टाकीवाल्या मुलीस उत्तेजनार्थ एक वही व पेन देण्यात आले. तिला आणखी उत्तेजन देण्याची वस्तुतः गरज नव्हती, असे मत पुढल्या खुर्च्यांवर दबक्या आवाजात व्यक्त झाले.

चहापानाच्या वेळी, गावाच्या लौकिकाचा विचार करता, पुढील वर्षापासून विषय बदलून 'माझा आवडता पक्षी' असा ठेवावा, अशी सूचना आली आणि ती एकमताने मंजूर झाली. मीही हात वर केला. त्या मुलीला कोणता पक्षी आवडतो याची मी जाता जाता चौकशी केली आहे. तिला कावळा आवडतो. आणि तिच्या गावातले बहुतेक कावळे त्या टाकीवरच बसतात.