स्प्रिंट घ्यावा की कानबान? नवख्या टीम लीडसाठी मार्गदर्शन

तुम्ही नुकतेच टीम लीड झाला आहात. पगार तेवढाच आहे, मीटिंगा मात्र दुप्पट झाल्यात, म्हणजे बढती खरीच म्हणायची. आता पहिला धर्मप्रश्न येईल: काम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बांधायचं, की कानबानच्या बोर्डावर अखंड वाहू द्यायचं?

पायरी पहिली. निर्णय आधीच झालाय का, ते पाहा. बहुधा झालेला असतो. वरच्या साहेबांनी दोन दिवसांचं सर्टिफिकेशन केलेलं असतं, नाहीतर क्लायंटच्या करारात 'दर पंधरा दिवसांनी डेमो' असं कलम असतं. तसं असेल तर 'आपल्याला हेच सूट होतं' एवढं म्हणून मोकळं व्हावं.

पायरी दुसरी. चहाच्या टपरीवर वाद होतातच, म्हणून घराणी पाठ असावीत. ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नवी उत्पादनं घडवणाऱ्या टीमना रग्बीची उपमा दिली. ती उचलून जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरसाठी स्क्रम मांडलं; स्प्रिंट त्यातलाच. कानबान टोयोटाच्या ताइइची ओनोंचं. गिऱ्हाइकानं फळीवरचा माल उचलला की तेवढाच पुन्हा भरायचा, ही अमेरिकन सुपरमार्केटची रीत त्यांनी कारखान्यात आणली. म्हणजे जपान दोन्हीकडे आहे आणि अमेरिकाही. 'आपली पद्धत अस्सल जपानी' असं कुणी ठासून सांगू लागलं, तर आपला चहा संपवावा.

पायरी तिसरी, आणि खरं काम इथेच आहे. तुमच्याकडे काम येतं कुठून आणि कधी, ते मोजा. मागच्या महिन्याचे मेल काढा. सोमवारी ठरलेलं काम शुक्रवारपर्यंत तसंच राहत असेल, तर स्प्रिंट तुमच्यासाठी आहे. नवं फीचर बांधणाऱ्या टीमला पंधरा दिवस दार लोटून बसता येतं, शेवटी काहीतरी दाखवता येतं. पण टीम सपोर्टची असेल, प्रॉडक्शन मंगळवारी सकाळीच झोपत असेल, तर सोमवारचं प्लॅनिंग मंगळवारच्या जेवणापर्यंतच टिकतं.

शिवाय अंदाजांचा खेळ. पत्ते वाटायचे, एक, दोन, तीन, पाच, आठ. सगळ्यांनी एकदम पत्ता दाखवायचा, सीनियर खोकला की आठाचा पाच करायचा. करमणूक चांगली आहे, पण तिची किंमत मोजून पाहावी. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटीची एक देखभाल टीम हैदराबादेत काम करत होती. तिथे ड्रागोस दुमित्रिउ आणि डेव्हिड अँडरसन यांनी हिशेब केला, तर टीमच्या ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नुसत्या अंदाजांत जात होता. त्यातही अंदाज दिलेल्या बऱ्याच विनंत्या पुढे केल्याच जात नव्हत्या. त्यांनी अंदाज बंद केले, हातातल्या कामांना मर्यादा घातली आणि जागा रिकामी झाली की पुढचं ओढायचं, असा नियम केला. एका विनंतीला पाचेक महिने लागायचे, ते दोनेक आठवड्यांवर आलं. कानबान सॉफ्टवेअरमध्ये रुळलं ते या हकिगतीच्या जोरावर.

हे ऐकून नवखा लीड लगेच कानबान घेतो, कारण प्लॅनिंगची मीटिंग वाचते. मर्यादेचं कलम तेवढं तो विसरतो. बोर्डावर वर '३' लिहायचं, चौथं काम आलं की खोडून '५' करायचं. सहा माणसं आणि 'इन प्रोग्रेस'मध्ये चोवीस कार्डं! जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं सूत्र इथे निर्दयपणे लागू पडतं: हातात चोवीस कामं आणि आठवड्याला चार संपत असतील, तर प्रत्येकाला सरासरी सहा आठवडे लागणार. 'सगळं सुरू तरी करून ठेवा' असं म्हणणाऱ्या साहेबांना हा भागाकार करून दाखवावा. त्यांना आवडणार नाही.

स्प्रिंटवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे शेवटच्या गुरुवारी सगळी कार्डं एकदम टेस्टिंगमध्ये धडकतात आणि शुक्रवारी निम्मी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जातात. एकच कार्ड तीन स्प्रिंट फिरत असेल, तर तुम्ही कानबानच करताय, फक्त मीटिंगा जास्त आहेत.

माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धती म्हणजे 'नाही' म्हणायच्या दोन सभ्य रीती. स्प्रिंट म्हणतो, 'आत्ता नाही, सोमवारी बोलू.' कानबान म्हणतं, 'घेतो की, पण बदल्यात काय काढू?' यातलं कोणतं वाक्य तुमच्या साहेबांच्या घशाखाली उतरतं, तीच तुमची पद्धत. 'बघतो सर, करून टाकतो' हे तिसरं वाक्य आपल्याकडे सर्वांत जास्त चालतं. त्याला अजून कुणी सर्टिफिकेट काढलेलं नाही.

पायरी चौथी. मिश्रण चालतं. पिठाच्या गिरणीत गव्हाचे डबे आले तसे ओळीने दळले जातात, उपवासाच्या दळणाला मात्र दिवस ठरलेला असतो. तसंच बग वाहते ठेवावेत आणि डेमो पंधरवड्याला. कोरी लॅडस यांनी २००९ साली अशा मिश्रणावर 'स्क्रमबान' नावाचं पुस्तकच लिहिलं, त्यामुळे सोवळं मोडल्याची भीती नको.

पायरी पाचवी. बोर्ड रंगवण्याआधी एक चाचणी घ्या. बुधवारी क्लायंट कॉलवर 'एक छोटंसंच काम आहे' म्हणाला की विचारा, 'हे घेतो, मग यातलं कोणतं थांबवू?' आणि गप्प बसा. त्यानं एखादं काम दाखवलं, तर कानबान लावा. 'बरं, पुढच्या प्लॅनिंगला पाहू' म्हणाला, तर स्प्रिंट. 'दोन्ही करा' म्हणाला, तर शनिवारी कॅन्टीन चालू असतं का, ते आधी विचारून ठेवा.