विषय: दर्शनी भागावर वाळत घातलेली चादर

प्रति,
मा. सचिव महोदय,
(सोसायटीचं नाव गाळतो, तेवढी सभ्यता आमच्याकडंही आहे)
खारघर, नवी मुंबई.



माझ्या मुलाच्या या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात ‘दर्शनी भागाचे विद्रूपीकरण’ या सदराखाली 500 रुपये दंड लागला आहे. पुरावा म्हणून आपण फोटोही पाठवलात. तो मी इथं जुळे सोलापुरात बसून, चष्मा पुसून, बोटांनी मोठा करून पाहिला. दहाव्या मजल्याची गॅलरी, कठडा, कठड्यावर एक चादर. गडद लाल, काठाला पिवळी वेल, मधोमध मोर. फोटो उत्तम आलाय. मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा मोजून घ्यावा. आमच्या लग्नाच्या अल्बमात नवरी इतकी स्पष्ट आलेली नाही.

चादर आमचीच. टाकली आमच्या मंडळींनी. ती घरात का वाळवली नाही, असं आपण नोटिशीत विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळं प्रश्न माझ्या विषयातलाच आहे.

मुलानं हे घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘समुद्राची झुळूक’ असं छापलं होतं. समुद्र काही दिसला नाही. खाडी दिसली, तीही वाशीच्या पुलावरून, गाडीच्या खिडकीतून. झुळूक मात्र अस्सल निघाली. ती मिठाच्या बरणीत शिरली, पापडाच्या डब्यात शिरली, कपाटातल्या माझ्या कोटाला हिरवट बुरा आणून गेली. सोलापुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. धुतलेली चादर गच्चीवर टाकावी, खाली येऊन चहा घ्यावा, वर जाईपर्यंत ती पापडासारखी कडक. आपल्याकडं तीच चादर ड्राय बाल्कनीत, सोसायटीनं मंजूर केलेल्या त्या छताच्या हँगरवर दिवसचे दिवस लोंबत होती. हँगरची नळी मधून वाकली, चादर काही वाळली नाही. जाड सुताचं, जेकार्डवर विणलेलं कापड आहे ते, साहेब. ओलं झालं की दोघांनी मिळून पिळावं लागतं. शेवटी तिला कुबट वास सुटला. त्यातच श्रावणात एका सकाळी पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं, आणि बाईमाणसानं ऊन पडल्यावर जे करायचं ते तिनं केलं.

गंमत पाहा. याच चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ‘सोलापुरी चादर’ हे नाव कुणी कुठंही विणून लावू शकत नाही. आणि याच वर्षी 1 मे रोजी आपल्या क्लब हाउसमध्ये जो ‘महाराष्ट्र सेल्फी पॉइंट’ उभारला होता, त्यात मागं पडदा म्हणून काय लावलं होतं? फेटे बांधून, मिशा चिकटवून समितीनं ज्याच्यापुढं फोटो काढले, ते काय होतं? इस्त्री करून भिंतीला लावली की ती परंपरा, आणि धुऊन उन्हात घातली की विद्रूपीकरण. बरं.

माहितीपत्रकात आणखी एक शब्द होता: ‘फॅमिली-फ्रेंडली’. आम्ही भोळी माणसं, आम्हाला वाटलं कुटुंब म्हणजे आजी-आजोबाही त्यात आले. पोरांनी आवारात चेंडू खेळायचा नाही, पाटी आहे. बाकावर दुपारी बसायचं नाही, पाटी नाही पण शिट्टी आहे. शेंगा कुटायला खलबत्ता काढला तर खालच्या मजल्यावरून इंटरकॉम येतो. आता शेंगाचटणी मिक्सरमध्ये होत नाही, तिचं पीठ होतं. तेल सुटायला कुटावीच लागते. पण हे मी सोडून दिलं. नव्या पिढीचा संसार, गप बसावं.

आपल्याला कंटाळा येणार नसेल तर एक सांगतो. आपल्या गेटपासून रिक्षानं थोड्याच वेळात बेलापूर गाठता येतं. तिथं सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी आखलेली वसाहत. सात-सात घरं एका अंगणाभोवती, अशा तीन अंगणांचं पुन्हा एक मोठं अंगण. याच कोरियांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत 1965 साली खाडीपल्याड नवं शहर वसवावं असं सुचवलं होतं. ते शहर उभारणारी सिडको आली ती त्यानंतर, 1970 मध्ये. म्हणजे आपलं खारघर ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या माणसाचं म्हणणं असं होतं, की आपल्या हवेत उघडं आकाश ही घरातली एक खोलीच असते. मी एका संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहून आलो. बरीच घरं पाडून लोकांनी वर मजले चढवलेत, सगळं जसं होतं तसं राहिलेलं नाही. पण एका अंगणात दोरी होती, दोरीवर साड्या होत्या, खाली पोरं खेळत होती आणि कुणीही फोटो काढत नव्हतं. आणि तेवढंही लांब नको. खारघरच्या सेक्टरांमध्ये अडकून राहिलेली मूळ गावठाणं आहेतच. त्या लोकांच्या शेतांवर आपले टॉवर उभे आहेत. 1984 साली उरण-जासईला, जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या दि. बा. पाटलांच्या मागं उभं राहून त्यांच्यासारख्याच पाच जणांनी जीव गमावला, तेव्हा कुठं पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा विषय मार्गी लागला. त्यांच्या दाराशी अजून बिनधास्त गोधड्या वाळतात. त्यांचा दर्शनी भाग कुणी ठरवायचा?

असो. एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पाचशे रुपये भरले असते, चारचौघांत आपल्याला नावं ठेवली असती आणि विषय संपवला असता. पत्र लिहितोय ते ती चादर घरात कशी आली त्यासाठी.

ती अण्णांनी आणली.

अण्णा आमचे शेजारी. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि फारच संतापले तर कानडी. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उमर गेली. त्यांच्या मुलानं जुळे सोलापुरात घर बांधलं म्हणून इकडं राहायला आले. अर्धे कान मागानं नेले. खटखटाटात चाळीसेक वर्षं उभं राहिल्यावर माणसाला समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायची सवय लागते, ती त्यांना आहे. वहिनींचे उपचार खारघरलाच टाटांच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात चालू आहेत. आपल्या सेक्टरातले लोक त्या रस्त्यावरून रोज जॉगिंगला जातात, त्यामुळं ठाऊक असेल. सोलापूर, लातूर, विजापूरकडची माणसं फाइल छातीशी धरून तिथं येतात. आम्ही म्हटलं, धर्मशाळा कशाला, घर आहे की आपलं.

तर अण्णा आणि वहिनी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून पहाटे कळंबोलीला उतरले, रिक्षा करून आपल्या गेटवर आले. अण्णांच्या खांद्यावर गाठोडं. जुन्या चादरीत बांधलेल्या दोन नव्या चादरी, कडक भाकऱ्या, चटणी. रिकाम्या हातानं कुणाकडं जायचं नाही, ही आमच्याकडची खोड. गेटवरच्या पोरानं विचारलं, “डिलिव्हरी?” अण्णांना ऐकू आलं नाही. पोराच्या तोंडावर मास्क होता, ओठ दिसले नाहीत. अण्णा आपले हसून “हो, हो” म्हणाले. पोरानं नोंद केली आणि दोघांना मागच्या बाजूला पाठवलं. मुलाच्या मोबाइलवर आलेला संदेश मी जपून ठेवलाय: ‘डिलिव्हरी, 2 व्यक्ती’.

आपल्या मुख्य लिफ्टजवळ सोफा आहे. कुंड्या आहेत. मंद संगीत आहे. सर्व्हिस लिफ्टजवळ कचऱ्याचे हिरवे-निळे डबे आहेत आणि त्या दिवशी कुणीतरी फेकलेली एक गादी होती. लिफ्ट कचरा खाली आणत होती म्हणून ते दोघं तिथं थांबून राहिले. वहिनींना उभं राहवेना, त्या गाठोड्यावर बसल्या. मी खाली धावत आलो तेव्हा अण्णा एका हातानं फाइल आणि दुसऱ्या हातानं वहिनींचा खांदा धरून उभे होते. मला बघून म्हणाले, “लिफ्ट बिझी आहे वाटतं.”

मी त्याच दिवशी आपल्या ऑफिसात आलो होतो. आठवत असेल. आपण खुर्ची दिलीत, पाणी विचारलंत, आणि म्हणालात, “सॉरी हो काका, गैरसमज झाला. त्याला वाटलं डिलिव्हरीवाला आहे.”

मी तेव्हा गप्प बसलो, पाहुणे घरात होते. आता लिहितो. गैरसमज कसला? डिलिव्हरीवालाच असता तर? एखादी बाई दहा घरची भांडी घासून कंबर धरून उभी असती तर तिनं गादीवर बसायचं होतं? ज्या हातांनी तुमच्या पोरांना भरवतात, त्यांचा वास तुमच्या आरशाच्या लिफ्टला लागतो का? तुमची माफी चुकीच्या माणसाला नव्हती, चुकीच्या गोष्टीबद्दल होती. अण्णा पाहुणे निघाले म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. ते मजूर होते, जन्मभर होते, हे जर कळलं असतं तर सर्व्हिस लिफ्टच बरोबर होती, असंच ना? कुत्र्यांना मुख्य लिफ्टमधून न्यावं की नाही यावर तुमची सर्वसाधारण सभा मध्यरात्रीपर्यंत चालली होती. कुठल्या माणसांनी सर्व्हिस लिफ्टनंच जायचं, हा विषय मात्र एका मिनिटात मंजूर झाला होता, इतिवृत्त मुलाकडं आहे. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही मी वाचलंय.

गेटवरच्या पोराला मात्र काही म्हणू नका. बारा तासांची ड्यूटी, प्लॅस्टिकची खुर्ची. त्याला जे पाठ करायला दिलंय तेच तो म्हणतो.

आणि खरं सांगायचं तर एका रात्री तुम्हालाही काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. झोप येईना म्हणून मी खाली उतरलो होतो. साडेअकरा होऊन गेले असतील. मागच्या गेटशी टँकर. तुम्ही अर्ध्या चड्डीत, बनियनवर, टँकरच्या शिडीवर चढून झाकणातून आत टॉर्च मारत होतात. ड्रायव्हर शपथा घेत होता, भरून आणलाय म्हणून. तुम्ही म्हणत होतात, चार बोटं कमी आहे. पाण्यातली चार बोटं मोजणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. आमच्याकडं उजनी धरणाचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून चालत येतं, आणि नळाला काही दिवसांआड. आमची अख्खी वसाहत तुमच्यासारखीच टाकीत वाकून उभी असते. मानधन शून्य, ग्रुपवर शिव्या रोज, घरचे झोपलेले, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांना सकाळी शॉवरला फोर्स कमी आला म्हणून तक्रार करायची असते. त्या रात्री वाटलं, जाऊन चहाला बोलवावं. तुम्हीही कुठल्या तरी कोरड्या गावचेच असणार.

मग महिनाअखेर मोराचा फोटो आला.

तेव्हा आता कामाचं. एक, दंड लावायचा तर आदर्श उपविधींप्रमाणं आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाला म्हणणं मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय, अशी पद्धत आहे. नोटीस आणि बिल एकाच दिवशी पाठवायचं नसतं. मुलगा भरून टाकू म्हणतोय, त्याला कर्जाचे हप्ते आणि शांतता दोन्ही सांभाळायचं आहे. मी भरू देणार नाही. दोन, गेटच्या नोंदीत ‘डिलिव्हरी’ खोडून तिथं दोघांची नावं लिहावीत. नावं मी हातानं लिहून वेगळी पाठवतोय, शुद्धलेखन तेवढं जपावं.

तीन, ही केवळ पूर्वसूचना आहे. वहिनींची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. अण्णा गाठोडं घेऊनच येतील, या वेळी चादरी तीन आहेत, कारण तुमच्यासाठीही एक विणून घेतलीय. तुमच्यावर मी इतका चिडलोय हे त्यांना सांगितलेलं नाही. ते मुख्य लिफ्टनं वर येतील. त्यांच्याबरोबर मी असेन, मुलाकडं भांड्याला येणाऱ्या मावशी असतील, आणि त्या वेळी खाली कुणी डबा घेऊन आलेला पोरगा उभा दिसला तर त्यालाही आत घेईन. लिफ्टमध्ये ‘क्षमता 10 व्यक्ती’ असं लिहिलंय, मी वाचून ठेवलंय. माणशी दंड किती ते आधी कळवा, सुट्टे घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दहाव्या मजल्यावरचा ‘व्हिजिटर’
मुक्काम जुळे सोलापूर