अनंताचं भय आणि नळाचा वार

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की काही पोरं दार लावून, कूलरसमोर मांडी ठोकून ‘द सिंकिंग सिटी’ खेळायला बसतात. युक्रेनच्या ‘फ्रॉगवेअर्स’नं २०१९ मध्ये काढलेल्या या गेममधलं शहर पुरात अर्धं बुडालंय. नायक होडीतून गल्लीबोळ हिंडतो आणि पाण्यात उतरायचं टाळतो. इकडे ओट्यावरून आई ओरडते, “पानी उनं रे!” हंडे, बादल्या, प्लास्टिकचा ड्रम, सगळं नळाकडे धावतं. पाणी टाळणारा नायक तिला दाखवाच एकदा!

या गेममागच्या भयाचे मूळपुरुष अमेरिकेचे भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७). विश्व अफाट आहे, त्याला आपली काडीची पर्वा नाही आणि हे उमगलं की माणूस वेडा होतो, हे त्यांचं सार. गेममध्ये तर नायक किती भानावर आहे हे दाखवणारी पट्टीच दिलीय. भलतंसलतं दिसलं की ती घसरते. रावेरचा शेतकरी वादळानंतर आडवी झालेली केळी बघतो, तेव्हा त्याला कुठलीच पट्टी दिसत नाही. तो थेट पंचनाम्याच्या रांगेत जातो.

अनंताचीच हौस असेल, तर चाळीसगावजवळचं पाटण गाठा. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं १२०७ मध्ये तिथं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. शून्यानं भागून आलेल्या राशीत काहीही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही, असं सांगून आचार्य पुढच्या गणिताकडे वळले. वेड लागलं नाही. ग्राफिक्स कार्डही लागलं नाही.