प्रत्यागमनमीमांसा

उपजीविकेसाठी परदेशी वास्तव्य करणाऱ्या मनुष्याचे सुट्टीपुरते स्वगृही येणे ही घटना नित्य घडत असूनही तिचे स्वतंत्र शास्त्र सिद्ध झालेले नाही, ही विद्वज्जनांस भूषणावह गोष्ट नव्हे. ती उणीव भरून काढण्याच्या हेतूने प्रस्तुत विवेचन आरंभिले आहे. अभ्यासक्षेत्र म्हणून बऱ्हाणपूर निवडले, कारण तापीतटाकीच्या या नगराला येणाऱ्या-जाणाऱ्यांचा अनुभव शतकानुशतकांचा आहे.

प्रथम व्याख्या. परतीचे तिकीट काढून आलेला घरचा मनुष्य म्हणजे सुट्टीकर. यातील परतीचे तिकीट हे व्यवच्छेदक लक्षण होय. ते नसल्यास गल्लीत "नोकरी गेली काय?" ही शंका उत्पन्न होते आणि विषय आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेर जातो. याच निकषावर काही ऐतिहासिक व्यक्ती वगळाव्या लागतात. मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये दख्खनहून परतत असता बऱ्हाणपुरी निवर्तले व तापीकाठी त्यांची छत्री उभी राहिली. परंतु त्यांस परत बोलावण्यात आले होते, रजा मंजूर झालेली नव्हती. मुमताजमहलचे देहावसान 1631 मध्ये येथेच झाले आणि सुमारे सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्यास नेण्यात आले. तेथे प्रस्थानाचा निर्णय प्रवाशाचा नव्हता. बऱ्हाणपुरी वस्त्र इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने नोंदविले आहे, मात्र ते वस्त्र सुट्टीत परतल्याचा उल्लेख आढळत नाही.

आगमनमार्गानुसार भेद

येथे दोन संप्रदाय आहेत. (1) भुसावळ संप्रदाय: मुंबईस उतरून रेल्वेने येणारे. गाडी बऱ्हाणपुरास थांबणारी असो वा नसो, यांचा एक नातलग भुसावळला घ्यायला जातोच. (2) इंदूर संप्रदाय: इंदुरास उतरून बडवाह, सनावद करीत असीरगडाच्या पायथ्यावरून येणारे. असीरगड 1601 मध्ये दीर्घ वेढ्यानंतर अकबराच्या हाती आला. इंदूर संप्रदायाचा सुट्टीकर गाडीत झोपलेला असल्याने त्यास तो प्रत्येक वेळी दाखवायचा राहतो.

निद्राविपर्यास

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून हिवाळ्यात येणाऱ्यास साडेदहा तासांच्या कालभेदामुळे दिवसा झोपण्याचा अधिकार सर्व संप्रदायांनी मान्य केला आहे. जर्मनीस्थाचे साडेचार तास वादग्रस्त होत. दुबईस्थ दीड तासाच्या बळावर दुपारी चारपर्यंत झोपतो, त्यास मात्र शास्त्राधार नाही. त्यावर आत्येचे मत असे की, पोरगा तिकडे राबतो, झोपू द्या. हे मत आप्तवाक्य असल्याने खंडनास अपात्र आहे.

द्विप्रश्नसिद्धांत

या शास्त्राचा हा कणा होय. सुट्टीकरास भेटणारा प्रत्येक मनुष्य दोन प्रश्न विचारतो: "कधी आला?" आणि "परत कधी?" या दोहोंमधील अवकाशास प्रश्नांतर म्हणावे. प्रश्नांतर हे जिव्हाळ्याच्या सम प्रमाणात असते, असे निरीक्षण आहे. गावातल्या शनवारा भागात स्कूटर न थांबवता ओळख देणारा वर्गमित्र दोन्ही प्रश्न एका श्वासात विचारतो व उत्तर ऐकण्यापूर्वी वळण घेतो. शेजारच्या काकू मध्ये चहा ठेवतात. मामा मध्ये पगार विचारतात, तो रुपयांत करून घेतात, त्यातून तिकडचे घरभाडे वजा करतात, उरलेल्या आकड्याकडे थोडा वेळ पाहतात, आणि मग परतीची तारीख विचारतात. हा प्रश्नांतराचा मध्यम प्रकार होय.

प्रश्नांतर अनंत असण्याचा एकच प्रकार ज्ञात आहे. माता दुसरा प्रश्न विचारीतच नाही. यावरून तिला जिज्ञासा नाही असा निष्कर्ष नवशिके अभ्यासक काढतात. वस्तुतः तिकीट निघाल्याच्या दिवशीच भिंतीवरच्या कालनिर्णयात परतीच्या तारखेभोवती गोल काढलेला असतो. आगमनाच्या तारखेभोवती असा गोल क्वचितच आढळतो. पापड कधी लाटायचे, मेतकूट कधी दळायचे, भरिताची वांगी कोणत्या दिवशी भाजायची, कोणास कोणत्या सायंकाळी जेवावयास बोलवायचे, ही सारी गणना त्या गोलापासून उलट दिशेने केलेली असते. सारांश, सुट्टीकर घरी येतो तेव्हा घरात त्याच्या प्रस्थानाची पूर्वतयारी चालू असते. आणि सुट्टीकर तीस स्वागत समजतो.

उपायन-प्रकरण

परदेशातून भेट आणण्याच्या प्रथेचा या नगरातील एक उत्तम नोंदला गेलेला दाखला नोव्हेंबर 1615 चा आहे. इंग्रज वकील सर टॉमस रो याने येथे शहजादा परवेझ यास मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शहजाद्याने ती तत्काळ उपयोगात आणल्याने ठरलेली खासगी भेट होऊ शकली नाही. यावरून सूत्र निघते: बोलणे आधी, बॅग नंतर. हे सूत्र आजही लागू पडते. चॉकलेटचा डबा उघडताच पुतणेमंडळींशी संभाषण संपते.

रो बऱ्हाणपुरात आजारीही पडला. परदेशाहून आलेल्याच्या पोटाविषयी व ज्वराविषयी घरात जी धास्ती असते तिचे मूळ येथवर नेता येईल. सुट्टीकर स्वतः बंद बाटलीचे पाणी मागतो, यास जलसंशय म्हणतात. रो ज्या वर्षी आला त्याच 1615 साली मुघल सरदार खानखानान रहीमच्या कारकिर्दीत कुंडी भंडाऱ्याची उभारणी झाली. सातपुड्याच्या पोटातले पाणी भुयारातून, केवळ उताराच्या बळावर शहरास पुरवणारी ही रचना आहे. तेव्हा ज्या गावाने पाण्यावर एवढी विद्या खर्च केली, तेथे वीस रुपयांची बाटली मागणे हा आजोबांच्या मते शिष्टाचारभंग होय. प्रस्तुत लेखकाचा कल आजोबांकडे आहे, मात्र पाणी उकळून घ्यावे.

निर्गमभार

अंतिम प्रकरण वजनाचे. तेवीस किलोंची मर्यादा विमान कंपन्यांची. घरात ती सूचना समजली जाते. बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर नेली जाते व तेथे वाद होतो. दराबा निर्विवाद आहे: रवा, साखर, तूप घोटून केलेला, प्रवासास योग्य. मावा जिलबीवर मात्र दोन मते आहेत. घनवादी म्हणतात, जिलबी खाद्यपदार्थ आहे, हातातल्या पिशवीत न्यावी. द्रववादी पाकाकडे बोट दाखवितात आणि शंभर मिलिलिटरचा नियम सांगतात. बऱ्हाणपुरातील अधिकारी हलवायांचे मत विचारले असता त्यांनी जिलबी गरमच खावी, असे सांगून प्रश्नच अमान्य केला.

मर्यादा ओलांडल्यास काही काढणे क्रमप्राप्त असते. काढली जाणारी वस्तू लोणच्याची बरणी, पापड वा केळ्याचे वेफर्स कधीच नसते. ती सुट्टीकराची जीन्स व जॅकेट असते. ती कपाटात राहते, आणि पुढल्या खेपेपर्यंत तिचा विनियोग धाकट्या चुलतभावाकडे वर्ग होतो.