तारकर्लीचे नाना

संभाजीनगरच्या सिडकोत एन-सहामधले आमचे नाना दर डिसेंबरात सहकुटुंब मालवणजवळच्या तारकर्लीला जातात. कुठे जायचं यावर दरवर्षी घरात रीतसर चर्चा होते, हे विशेष. दिवाळीचे पाहुणे पांगले की नाना सगळ्यांना हॉलमध्ये बसवतात आणि ‘यंदा लोकशाही पद्धतीने ठरवू’ म्हणतात. थोरली अंदमान सुचवते, धाकटा मनाली म्हणतो, काकू ‘एकदा तरी नांदेडला माझ्या बहिणीकडे चला’ म्हणतात. नाना सगळं कागदावर उतरवून घेतात, चष्मा लावून वाचतात, क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, “ठीक. मग तारकर्लीच.” खोल्यांचा ॲडव्हान्स नवरात्रातच गेलेला असतो.

आमच्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. पैठणचा नाथसागर जेमतेम पन्नास किलोमीटरवर, त्याची क्षमता शंभर टीएमसीच्या वर, पण त्यातलं पाणी एन-सहापर्यंत पोचायचं तर त्याच्या मर्जीनं पोचतं. पाणी सुटायच्या दिवशी नाना ऑफिसात अर्धी रजा टाकतात, मोटार लावतात, ड्रम, टाकी, पातेली, कळशी आणि शेवटी चहाचं भांडंही भरून ठेवतात. अशा माणसाला वर्षातून एकदा सहाशे किलोमीटर जाऊन पाण्यात बुडावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. नवल हे की नानांना पोहता येत नाही.

हे ते लपवत नाहीत. उलट तारकर्लीच्या बाजूने वापरतात. “पोहायची गरजच काय? इन्स्ट्रक्टर धरून नेतो ना!” ते खरंही आहे. नवशिक्यांची स्कूबाची बुडी उथळ पाण्यात असते आणि वाकबगार माणूस पूर्ण वेळ पाठीशी असतो. आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्याचा पहिला हिशेब कानच मागतात. नाना हे नाक दाबून फुंकणं गाडीतच सुरू करतात. वाळूज गेलं की एकदा, नगरला एकदा, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ. शेजारच्या गाडीतली मंडळी काचा वर करतात.

घाट कोणता, हा वाद कराड ओलांडलं की पेटतो. मोबाइल गगनबावड्यावरून चला म्हणतो, नाना राधानगरीवरून फोंडाघाट उतरून कणकवली म्हणतात. “मोबाइल पहिल्यांदा येतोय का? आपण येतो ना!” घाटात धाकट्याला उलटी होते. नाना गाडी कडेला घेतात आणि दरवर्षी याच वळणावर आपला थांबा असतो, अशा अभिमानाने दरीकडे बोट दाखवतात.

तारकर्लीत पोचल्यावर घरमालकाने अंगणातूनच “नानानू, इलात? बरा झाला,” अशी हाक दिली की नानांची उंची वाढते. इथे सिडकोत पाणी सोडणारा त्यांना ‘ओ घर नंबर सतरा’ म्हणतो. तिथे मात्र जेवण वाढणारी बाई न विचारता त्यांच्या ताटाशेजारी सोलकढीची दोन भांडी ठेवते. त्या दुसऱ्या भांड्यासाठी माणूस सहाशे किलोमीटर गाडी चालवू शकतो. मग नाना अंगणातल्या नव्या पर्यटकांना जमवतात आणि देवबागचा संगम, कर्ली नदी, भरती-ओहोटी हे सगळं समजावतात. यजमान बाजूला उभं राहून ऐकतो. त्याचा जन्म तिथलाच, पण नानांपुढे तो बोलत नाही. ऐन हंगामात एवढा वेळ कोणाला?

सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी चुकत नाही. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. तट, बुरूज, शिवराजेश्वराचं मंदिर हे सगळे बघतात. नाना मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी खिळतात. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. काठावर हात टेकून ते आत डोकावतात ते एखाद्या इतिहासप्रेमीसारखे नव्हे, तर घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही वेळेवर भरणाऱ्या माणसासारखे. “साडेतीनशे वर्षं झाली. समुद्रात. आणि रोज पाणी,” एवढंच म्हणून ते गप्प होतात.

बुडीचा दिवस उजाडला की नाना ‘ऑक्सिजन भरला का?’ विचारतात. नळकांड्यात साधी दाबून भरलेली हवा असते, हे त्यांना दरवर्षी सांगितलं जातं. ते दरवर्षी ‘तेच ते’ म्हणतात. खुणांचंही तसंच. अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं तर सगळं ठीक. नुसता अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा दिसला, की नाना आनंदाने दोन्ही अंगठे वर करतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना नियमाप्रमाणे वर आणतो. होडीत मास्क काढता काढता नाना संतापतात, “अहो, मी मस्त आहे म्हणत होतो!” त्यांची पैसे भरलेली बुडी अशी अर्ध्यातच संपते आणि गावी आल्यावर ‘पाण्याखाली पाऊण तास’ अशी सांगितली जाते.

माशांचंही असंच होतं. पाण्यातून पाहताना प्रकाश वळतो, त्यामुळे मास्कमधून वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि जवळ भासतात. हे शास्त्र नानांच्या पथ्यावर पडलं आहे. पाण्यात फूटभर वाटलेला मासा होडीत दीड फूट होतो, घाट चढताना दोन, आणि सिडकोच्या कट्ट्यावर पोचेस्तोवर त्याच्याशी नानांची झटापटही झालेली असते.

या घरातल्या खऱ्या पाणबुड्या मात्र काकू आहेत. नाना होडीत हुज्जत घालत असताना काकूंचं पाण्यावर मन बसलं. वर्षभर पहाटे जलतरण तलावावर जाऊन पोहायला शिकल्या आणि पुढच्या खेपेला तारकर्लीतच एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत ओपन वॉटर कोर्स करून आल्या. त्यासाठी दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं. मग अठरा मीटरपर्यंत उतरायचा परवाना मिळतो. काकूंनी ते कार्ड गॅसच्या पुस्तकात ठेवलं. नानांनी त्याची झेरॉक्स काढली आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘आम्ही अठरा मीटरवर गेलो’ असा आदरार्थी प्रयोग आला. काकू खाली असतात तेव्हा नाना होडीत टॉवेल धरून बसतात आणि बुडबुडे मोजतात. त्या वर आल्या की पहिला प्रश्न, “मासा केवढा होता?” काकू म्हणतात, “होता आपला, माशाएवढा.”

भाचा अमेरिकेत असतो. तो कॅरिबियनमधल्या बोनेरला दरवर्षी बुडी मारायला जातो. तिथे 1979 पासून भोवतालचा समुद्र राखीव केलेला आहे आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवरही ‘पाणबुड्यांचा स्वर्ग’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. त्याने फोटो पाठवले. निळंशार पाणी, तळापर्यंत लख्ख. नानांनी ते बारकाईने पाहिले. “चांगलंय. पण जेवायला काय?” नंतर म्हणाले, “मालवणलाही समुद्री अभयारण्य आहे म्हणावं, 1987 पासून.”

निघायच्या दिवशी नानांना शास्त्र आठवतं. बुडीनंतर किमान बारा तास विमानात बसू नये, उंचावरही लगेच जाऊ नये. “आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. शरीरातला नायट्रोजन काय म्हणेल?” खुद्द नाना जेमतेम पुरुषभर पाण्यात उतरून वर आलेले असतात. तरी मुक्काम एका दिवसाने वाढतो, कारण परवानाधारक काकू मान हलवतात. त्यांनाही सकाळची एक बुडी हवी असते.

एवढं सगळं असूनही या माणसाला हसण्यावारी नेता येत नाही. पहिल्या वर्षी इतरांसारखेच नानाही माशांना पाव टाकत होते. चार वर्षं तेच खडक पाहिल्यावर काकूंनी सांगितलं, मासे आता शेवाळ सोडून होडीमागे धावतात आणि जिथे प्रवाळ होतं तिथे नांगराचे ओरखडे आहेत. तेव्हापासून नाना होडीत पाव काढणाऱ्याचा हात धरतात. “घरी आलेल्या पाहुण्याला शिळा पाव देता का? आणि इथं तर पाहुणे आपण!” भांडण होतं, नानांना लोक खडूस म्हणतात, होडीवाला मध्ये पडतो. पण पुढच्या खेपेला त्याच होडीवाल्याने नांगर टाकायचं सोडून बोयाला दोर बांधला, तेव्हा त्याने आधी नानांकडे पाहिलं होतं.

यादीतली ठिकाणं खोडत फिरणाऱ्याला समुद्र एकदाच दिसतो, त्यामुळे तो त्याला कायम सुंदरच दिसतो. काय कमी झालं, हे पुन्हा पुन्हा येणाऱ्यालाच कळतं. म्हणून प्रत्येक किनाऱ्याला एक तरी नाना हवा, मग तो कितीही कटकट करो.

पावसाळ्यात बुडी बंद असते. तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पाणी नितळ मिळेल. होडीत कोणी संभाजीनगरचा गृहस्थ दोन हात पसरून माशाची लांबी सांगू लागला, तर त्यातून पाव भाग वजा करा. आणि हातात पाव असेल, तर तो मुकाट्याने पिशवीत ठेवा.